मामानं दाखवलेलं चंद्रपूर

किसनमामा दिवाळीला यायचा तेव्हा आई त्याला अंगणातल्या फरशीवर बसवून स्वतःच्या हातानं अंघोळ घालायची, आणि त्याच्या अंगावरून निघणारं पाणी काळं होतंय का ते बघायला मी आणि शेजारच्या पोरी जवळ उभ्या राहायचो. ते कधीच काळं निघालं नाही. मामा चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणीत कामाला होता. आमच्याकडची माणसं दसरा झाला की कोयते घेऊन साखर कारखान्यांकडं जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. मामाही एका हंगामात तसाच ऊस तोडायला गेला, तिथं त्याला कुणीतरी खाणीतल्या भरतीचं सांगितलं आणि तो परस्पर चंद्रपूरला निघून गेला. पुढं बायकोही तिकडचीच केली. पाथर्डीत आमच्या आळीला तो साहेबच वाटायचा. इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ, आणि बोलणं असं की एक वाक्य पाथर्डीचं तर दुसरं चंद्रपूरचं. "काय करून राहिली रत्ने?" असं तो म्हणाला की आम्ही पोरी तोंडावर हात धरून हसायचो.

आपल्या त्या नव्या गावाचा त्याला भारी अभिमान. माझे वडील पाथर्डी डेपोत मेकॅनिक होते, जेवायला बसले तरी त्यांच्या नखांतलं ग्रीस गेलेलं नसायचं. ते मामाला मुद्दाम डिवचायचे. "किसन, कोळसा सोडून काय हाय रे तुमच्यात?" मग मामा हातातला घास तसाच ठेवायचा. "दाजी, तुमच्या नगरला येक किल्ला, त्यो बी मिल्ट्रीच्या ताब्यात. आमच्याकडं अख्ख्या शहरालाच तट हाय. गोंड राजानं बांधल्याला. वेशीवर बघाल तर हत्तीला दाबून धरल्याला सिंह. खाली कोळसा हाय म्हणून सगळी दुनिया तिकडं आली, पर वर बघायला बी लई हाय. आक्का, तू तरी ये येकदा." आक्का म्हणजे माझी आई. मामापेक्षा ती बरीच मोठी, त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. दरवर्षी ती "येते रे" म्हणायची आणि दरवर्षी काहीतरी निघून ते राहून जायचं.

त्या वर्षी मात्र चैत्रात, माझी परीक्षा आटोपत आलेली असताना, मामानं ओळखीच्या एका कंडक्टरकडून निरोप पाठवला की आक्काला या उन्हाळ्यात पाठवाच. आई त्या 'पाठवाच'पाशी अडली. भाकरी थापताना मध्येच थांबून म्हणाली, "आसं कधी म्हन्ला न्हाई त्यो." वडिलांना रजा मिळेना. पण एसटीतल्या माणसांच्या घरच्यांना तेव्हा वर्षातला काही काळ प्रवासाचा पास मिळायचा, त्यावर आई आणि मी निघालो. निघायच्या दिवशी आजी, म्हणजे आई-मामांची आई, वस्तीवरून चालत आली. ती एकटीच वस्तीवर राहायची, कोंबड्या पाळायची आणि बाजाराच्या दिवशी पाथर्डीत अंडी विकायची. तिनं डबाभर बाजरीचं पीठ आणलं होतं आणि फुटू नयेत म्हणून त्या पिठात अंडी पुरली होती. "पिठाच्या भाकरी कर, आन अंडी त्याला घाल. तिकडं नुस्ता भात खातो त्यो," आजी म्हणाली. बीड, नांदेड, यवतमाळ अशा गाड्या बदलत, तो डबा मांडीवर धरून आम्ही चंद्रपूरला पोचलो. एकच अंडं फुटलं.

माझ्या नाकात चंद्रपूर अजून आहे. कच्च्या कोळशाच्या शेगड्या दारोदार पेटायच्या आणि सकाळी त्या सगळ्या कॉलनीवर पिवळट धूर बसायचा. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे ठिपके पडायचे, नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा. खाणकामगारांच्या खोल्यांची एक लांब ओळ होती, तिच्यात मामाचं घर. एका बाजूला तेलुगू बोलणारी माणसं, दुसऱ्या बाजूला बिहारकडची, समोर छत्तीसगडची एक म्हातारी दिवसभर काहीतरी गुणगुणत बसलेली. पाळी सुटली की भोंगा व्हायचा आणि ओळीतल्या सगळ्या बायका एकदम दाराकडं बघायच्या, ज्यांचा माणूस घरातच आहे त्यासुद्धा. दुपारी लांबच्या उघड्या खाणीत सुरुंग उडायचे, तेव्हा मांडणीवरची भांडी किणकिणायची. मामी बोलता बोलता, मान न वळवता, वरच्या ताटांवर हात ठेवून ती धरायची आणि आवाज थांबला की हात काढून पुढचं वाक्य बोलायची. शांतामामी हसरी होती. "मी येतो, मी करतो" असं पुरुषासारखं बोलायची, त्याचीही मला गंमत. तिनं पहिल्याच दिवशी वडाभात केला. डाळीचे वडे भातात कुस्करून वर कढत तेल ओतलेलं, तोंडी लावायला चिंचेचं सार. आईनं दोनदा मागून घेतला. मामा मात्र थोडंसं खाऊन बाजूला झाला. तो वाळला होता. आईनं विचारलं तर म्हणाला, "ऊन लई हाय आक्का. उन्हाळ्यात जेवनच जात न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून मामानं आम्हाला चंद्रपूर दाखवायला सुरुवात केली. तो कामावर जात नव्हता, रजा काढलीय म्हणाला. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही निघायचो. आई, मी, मामा आणि त्याची लहान मुलगी बेबी. पहिल्यांदा महाकालीला गेलो. चैत्राची यात्रा तोंडावर आलेली, नांदेडकडची आणि तेलंगणातली माणसं झरपट नदीच्या काठी उतरलेली, ओल्या लुगड्यांनी बायका रांगेत उभ्या, डफ वाजत होते. देवळात एके ठिकाणी वाकून खाली उतरून दर्शन घ्यावं लागायचं. मामा बाहेरच्या कट्ट्यावर बसला. "तुमी या जाऊन. मी तर रोजच खाली जातो," तो म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. मग अंचलेश्वराच्या देवळापाशी गोंड राजांच्या समाध्या बघितल्या. तिथंही त्यानं आम्हाला आत पाठवलं आणि स्वतः दारात चपलांपाशी बसून राहिला. "हितं चपला जातात. मी बसतो." रामाळा तलावाला आम्ही बांधावरून फेरी मारली, तो एका झाडाखाली थांबला. पण प्रत्येक ठिकाणी पोचायच्या आधी तो सांगायचा ते इतकं रंगवून की त्याचं बसून राहणं लक्षातच येऊ नये. राजाच्या अंगावर फोड होते आणि झरपटच्या पाण्यानं ते बरे झाले, मग राणीनं इथंच शहर वसवायला लावलं, हे त्यानं असं सांगितलं की जणू राणी त्याच्या शेजारच्या खोलीत राहत होती. सांगता सांगता तो थांबायचा, वाऱ्याकडं तोंड करायचा, आणि मग उरलेलं सांगायचा. मला वाटायचं, गोष्ट रंगवायची त्याची तऱ्हाच ती.

मी तेव्हा सातवी-आठवीतली पोर, मला काय कळणार. आज मी स्वतः जिना चढताना मध्ये थांबते, मागून येणाऱ्या नातीला भिंतीवरचं काहीतरी दाखवते, तेव्हा मला मामाची ती तऱ्हा नीट कळते.

आईला मात्र कळत आलं होतं. तट बघायला आम्ही पठाणपुऱ्याच्या वेशीकडं गेलो त्या दिवशी ती वर चढलीच नाही. वेस बघून झाली, हत्तीवरचा सिंह बघून झाला, आणि तटावर जाणाऱ्या दगडी पायऱ्यांशी आल्यावर मामा म्हणाला, "आक्का, जा वर. इरई नदी दिसती." आई पदर सावरून खालच्या पायरीवर बसली. "रत्ने, बेबीला घेऊन तू जा. मी बसते हितं." मी थोड्या पायऱ्या चढले तर बेबीच्या चपलेचा अंगठा तुटला. तो बसवत मी तिथंच टेकले, आणि खालचं सगळं मला ऐकू आलं.

"कवापासून हाय?" आईनं विचारलं.

"काय?"

"किसन."

मामानं पायरीवरचा एक खडा उचलून लांब टाकला. म्हणाला, "मागल्या पावसाळ्यापासून. आदी वाटलं, सर्दीनं हुतंय. मग खाली उतरल्यावर कामाच्या जाग्यापत्तूर चालताना मदी मदी बसाया लागलो. संगतीची मान्सं चांगली, बसू देत्यात. पर आता खाली नेनाऱ्या पिंजऱ्यातच दम लागतो. रजा कसली आक्का, पाळीला जाऊन लई दिस झाले."

"शांताला ठावं हाय?"

"तिला ठावं न्हाई आसं कसं. पाठीला उशा लावून झोपतो मी, त्या तीच लावती."

"मंग मला कामून बोलावलंस? नगरला आला आसतास, पुन्याला नेलं आसतं दाजीनी."

"तुला दाखवायचं हुतं."

"काय दाखवायचं हुतं? आजार?"

"चंद्रपूर," मामा म्हणाला. "लई वर्सं म्हनत हुतो. आता दाखवलं न्हाई तर राहून जाईल."

आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लहान मुलाला ढेकर काढायला थोपटतात तसं थोपटत राहिली. मी बेबीचा हात धरून वर गेले. नदी दिसत होती, उन्हाळ्यामुळं बारीक झालेली. पलीकडं वीजघराच्या चिमण्या आणि खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर. बेबी म्हणाली, "माझे बाबा तिथं जमिनीच्या खाली असतात." मी खाली बघितलं तर तिचे बाबा पायरीवर बसले होते.

आमच्या आईचा एक स्वभाव होता. जगात कशालाही इलाज असतो, फक्त तो ज्याला ठाऊक आहे अशा माणसाला नीट विचारावं लागतं, असं तिला वाटायचं. माझा मोडलेला हात, वडिलांची डोकेदुखी, शेजारणीचं दुभतं न देणारं जनावर, सगळं तिनं असंच विचारून विचारून मार्गी लावलेलं. दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून ती मामाला घेऊन कॉलनीच्या दवाखान्यात गेली. मलाही नेलं, कारण डॉक्टर शुद्ध बोलले तर मी समजून घेईन. डॉक्टर तरुण होते, दमलेले दिसत होते, आणि बाहेर रांग मोठी होती. तरी त्यांनी मामाचा छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून आम्हाला दाखवला. पांढरे ठिपके होते, दाट, भात सांडावा तसे.

"कोळशाची धूळ आहे ही," डॉक्टर म्हणाले.

"पांढरी दिसती की," आई म्हणाली. "कोळसा तर काळा आसतो."

"फोटोत उलटं दिसतं, बाई."

"मंग ती काढायची कशी?"

"निघत नाही."

"आप्रेशन करून?"

"नाही."

"वाफ दिली, काढा दिला, आन बाहेर पडली तर?"

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. "दम जरा कमी लागावा म्हणून मी गोळ्या देतो. यांनी आता खाली उतरायचं नाही. वरचं काम मिळावं म्हणून मी सांगेन. त्यापुढं माझ्या हातात काही नाही. पुण्याला न्या, मुंबईला न्या, तिथंही हेच सांगतील. उगाच न्या म्हणत नाही मी."

आईनं मान हलवली. तिचे प्रश्न संपत आले होते, हे मला तिच्या तोंडावरून दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "खायाला काय घालू त्याला? काय पथ्य?"

"पथ्य काही नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांना आवडेल ते करून घाला."

ते ऐकल्यावर आई उठली. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं नाही की डॉक्टर काय म्हणाले. त्या दिवशी तिनं आजीच्या पिठाच्या भाकरी केल्या, मिरची-लसणाचा ठेचा केला आणि राहिलेली अंडी फोडून कांद्यावर परतली. मामानं त्यातली अर्धी भाकरी खाल्ली. मामी चुलीपाशी बसून बघत होती. ती म्हणाली, "आक्का, मी बी रोज करतो जी असंच. खातच नाही." आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मामी रडायला लागली, आणि तेवढ्यात सुरुंग उडाला तर रडता रडताच तिचा हात भांड्यांकडं गेला.

त्यानंतरही आम्ही बघायचं राहिलेलं बघितलं. मामानं ऐकलंच नाही. आता सगळ्यांना सगळं ठाऊक झालं होतं, म्हणून तो सावकाश चालायचा आणि थांबायचं तिथं उघड थांबायचा. शहराच्या कडेला एका मोकळ्या रानात दगडाच्या प्रचंड मूर्ती पडलेल्या आहेत, तिथं आम्ही रिक्षानं गेलो. देव, नाग, नंदी, आणि एक अनेक तोंडांची मूर्ती, जिला लोक रावणच म्हणतात. सगळ्या उघड्यावर. कुणीतरी मोठं देऊळ बांधायला घेतलं होतं आणि ते झालंच नाही, असं मामानं सांगितलं. यावेळी त्यानं गोष्ट रंगवली नाही. आई त्याच्या शेजारी एका दगडाच्या सावलीत बसली आणि मी न् बेबी त्या मूर्तीची तोंडं मोजत फिरलो. बेबीची आणि माझी मोजणी काही जुळली नाही. परत आलो तेव्हा मामा आईला म्हणत होता, "आईला सांगू नको."

"मंग काय सांगू तिला? ती इचारील की."

"चंद्रपूर सांग."

पुढचं इथंच सांगून टाकते. मामाला वरचं काम मिळालं, डोक्यावरच्या दिव्यांच्या बॅटऱ्या भरून द्यायचं. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो दिवा द्यायचा. ते त्याला झेपलं तोवर त्यानं केलं. एकदा पाथर्डीला येऊन राहिला. आईनं अडुळशाचे काढे केले, वाफा दिल्या, नवस बोलली, जे जे कुणी सांगितलं ते केलं. दुपारी ती भिंतीला टेकून बसायची आणि मामाला आपल्या छातीशी टेकवून धरायची, कारण आडवं पडलं की त्याचा श्वास कोंडायचा. त्याच्या श्वासाचा आवाज अंगणापर्यंत यायचा. वडील कामावरून आले की बाहेरच थांबून तो ऐकायचे आणि मग आत यायचे. शेवटी मामाच म्हणाला, मला माझ्या घरी पोचवा. तिथंच, मामीजवळ तो गेला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मामीला खाणीच्या कचेरीत काम मिळालं, बेबी शिकली, आता चंद्रपुरातच शाळेत शिकवते. दर रविवारी माझ्याशी व्हिडिओवर बोलते. उन्हाळ्यात टीव्हीवर देशातलं सगळ्यात तापलेलं शहर म्हणून तिच्या गावाचं नाव आलं की मी तिला फोन करते, आणि ती म्हणते, "काही नाही ताई, सवय आहे."

पण मला लिहायचं आहे ते आम्ही त्या पहिल्या वेळी चंद्रपूरहून परतलो तेव्हाचं. दुसऱ्याच दिवशी सकाळी आजी वस्तीवरून आली. आईनं तिला चहा दिला. आजी शेंगा फोडत बसली आणि म्हणाली, "सांग आता."

आईनं सांगायला सुरुवात केली. महाकाली सांगितली, यात्रा सांगितली, राजांच्या समाध्या, तलाव, दगडाचा रावण. ती इतकं कधी बोलायची नाही. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, आणि ज्या गोष्टी मामानं सांगितल्या होत्या त्या त्याच्याच शब्दांत ती सांगू लागली, राणी न् राजाचे फोडसुद्धा. मी भिंतीशी बसून ऐकत होते. मला वाटत होतं, तिनं थांबावं.

"आन तट?" आजीनं विचारलं.

"लई उंच. वरून नदी दिसती."

"किसन आला हुता तुझ्यासंगं वर?"

"आला की," आई म्हणाली.

आजी शेंगा फोडत राहिली. मग हातातली टरफलं सुपात टाकून म्हणाली, "दिवाळीला मी न् त्यो मोहट्याला गेल्तो, देवीला. पायऱ्यांपाशी बसला. म्हन्ला, चपला जात्यात, मी ऱ्हातो हितं. मी वर गेले आन देवीला काय मागायचं ते मागून आले. तुला बोलले न्हाई. म्हन्लं, तुझ्या जिवाला कशाला घोर."

आईनं पदर तोंडाला लावला. आजी तिच्याकडं बघत नव्हती, दारातून बाहेर बघत होती. बाहेर डेपोतून सुटलेली गाडी वळण घेत होती, तिचा हॉर्न वाजला आणि गाडी गेली. आई तोंड पुसून म्हणाली, "डाक्टरला इचारलं मी. समदं इचारलं."

"इचारलंस ना. मंग झालं," आजी म्हणाली. तिनं सोललेल्या शेंगांची मूठ आईच्या हातात दिली, आणि थोड्या वेळानं विचारलं, "वेशी किती म्हन्लीस?"

"चार."

"नावं सांग त्यांची."

आई सांगू लागली. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर. चौथं तिला आठवेना. आजी तिच्याकडं बघत थांबली होती, घाई नसल्यासारखी. मग मीच म्हणाले, "बिनबा."